आधी हात मागे घे

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानांत चार ठिकाणी एकच वाक्य आहे : 'मी गेले नाही तर वर्ग बंद पडेल.' कॉलेजातले लोक याला तुझं नेतृत्व म्हणतात आणि विशेष शिक्षणाच्या बी.एड.साठी तू जे निवेदन लिहिते आहेस त्यातही ते घालणार आहेस. ते काढ. गोवंडीतला दिव्यांग मुलांचा रविवारचा वर्ग दोन वर्षांनंतरही तुझ्यावाचून एक रविवार चालत नसेल, तर ती अभिमानानं सांगायची गोष्ट नाही.

तुझा खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत दडलाय. नऊ वर्षांचा तो मुलगा वर्गात हात धुतो, घरी धूत नाही. तुझ्यासमोर शर्टाची बटणं लावतो, आईसमोर नुसता छाती पुढे काढून उभा राहतो. 'तो आईला फसवतो का?' असं विचारतेस. नाही गं. तो इमानदारीनं तू शिकवलेलंच करतोय. 'ताई म्हणाली की पुढचं करायचं', एवढंच त्याला कळलंय. घरी ताई नसते. मग पुढचंही होत नाही.

म्हणून सांगते, हात मागे घे. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी.

मदतीच्या पायऱ्या तुला पाठ असतील : पूर्ण हात धरून करवणं, कोपराला नुसता स्पर्श, करून दाखवणं, बोटानं खूण, मग तोंडी सूचना. पुस्तकात तोंडी सूचना सगळ्यात हलकी मदत म्हणून येते आणि तिथेच नवी मंडळी फसतात. हात धरलेला आपल्याला दिसतो, तोंड चाललेलं कळत नाही. 'हां, आता साबण, शाबास, आता चोळ, अजून, अजून' ही सगळी मदतच आहे आणि ती काढून घेणं सगळ्यात अवघड. आईची परवानगी घेऊन दहा मिनिटांचं चित्रण कर, फक्त तुझ्या आवाजासाठी. आपल्या सूचना मोज आणि ते चित्रण पुसून टाक. आकडा बघून तुला लाज वाटेल. वाटू दे.

आता हात धुण्याचं. तुम्ही शिकवता नळाखाली. त्या मुलाच्या घरी नळ आहे का? बऱ्याच घरांत ठरावीक वेळी पाणी येतं, ते पिंपात भरून ठेवतात आणि दिवसभर मगनं वापरतात. नळाखाली दोन्ही हात मोकळे असतात. हातात मग असला की एका हातानं ओतायचं नि दुसरा धुवायचा, तो मग खाली ठेवायचा, साबण घ्यायचा, पुन्हा मग उचलायचा. हे वेगळंच काम आहे. तू त्याला एक शिकवलंस आणि परीक्षा दुसऱ्याची घेतलीस.

शनिवारी त्याच्या घरी जा आणि आई स्वतः हात कसे धुते ते बघून पायऱ्या लिही. साधारण अशा निघतील : पिंपाजवळ जाणं, बाही वर करणं, पाण्यात मग बुडवणं, एका हातावर पाणी, मग खाली ठेवणं, साबण उचलणं, चोळणं, साबण जागेवर ठेवणं, पुन्हा पाणी, पंचाला पुसणं. मग तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी, फक्त एकदा 'हात धू' म्हणून गप्प बस. कुठे अडतो ते लिही. त्या तीन वेळा शिकवू नकोस, हसू नकोस, डोळ्यांनीही सुचवू नकोस. ही बेसलाइन, म्हणजे शिकवण्याआधीची नोंद. ती नसेल तर तीन महिन्यांनी 'खूप प्रगती झाली' असं तू म्हणशील आणि मी म्हणेन, कशावरून?

त्यानंतर शिकवायला शेवटून लाग. नऊ पायऱ्या हात धरून, न बोलता करवून घे; पुसणं तेवढं त्याचं. कारण साधं आहे : काम दर वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं. पुसणं लागोपाठ तीन वेळा, त्यातलं एकदा तरी आईबरोबर, विनामदत जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याला सोड. प्रत्येक पायरीला मनात पाच आकडे मोज; ज्या मुलांना ऐकलेलं उमगायला किंवा हात हलवायला वेळ लागतो त्यांच्यासाठी दहा. पाच आकडे फार मोठे वाटतात. तेवढ्यात तुझा हात आपोआप पुढे जाईल. तो मांडीखाली दाबून ठेव.

आणि सराव किती? 'रोज दहा वेळा' असं आईला सांगू नकोस, ती साठवलेलं पाणी तुझ्या दहा वेळांसाठी ओतणार नाही आणि तिचं बरोबर आहे. जेवणाआधी, संडासनंतर, बाहेरून आल्यावर, एवढे तीन-चार खरे प्रसंग पुरतात. हातात मग धरणं, तो तिरका करणं याचा सराव रिकाम्या मगनं होतो.

बिघडतं कुठे तेही ऐक. मूल चुकतं, आपण 'नाही, नाही' म्हणत मध्येच हात धरतो. दहा वेळा असं झालं की चूकसुद्धा साखळीतली एक कडी होते : चुकायचं, थांबायचं, ताईचा हात येतो. चुकलं तर एक पायरी मागे ने आणि पुढच्या वेळी चूक व्हायच्या आधी हलकी मदत दे. बटणांचंही तसंच. खालच्या बटणापासून सुरू कर, ते त्याला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही. बटण काजातून अर्धं घालून दे, ओढू दे त्याला. शर्ट अंगावर असतानाच शिकव. टेबलावर पसरलेला शर्ट उलट दिशेनं दिसतो.

तीन ठिकाणी माझं ऐकू नकोस, हात मागे घेऊ नकोस. रस्ता ओलांडताना. मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) मुलाला भरवताना : मान मागे कलंडली की घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून बसवून, मान किंचित पुढे, लहान घास. आणि फिट आली असताना : कुशीवर वळव, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघ. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा किंवा चप्पल नाही. पाच मिनिटांहून लांबली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट इस्पितळ. हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी यायला हवं, सातव्या रविवारी नाही.

आता नेतृत्वाकडे येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांतले २४० तास तू कधीच पूर्ण केलेस, मला माहीत आहे. तास मोजणं सोड. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, केळी आणि रंगपेटी वाटून फोटो काढणारेही तास भरतातच. वर्गाचं मोजमाप वेगळं असतं : तू नसताना काय चाललं?

१४ मुलं आणि ५ स्वयंसेवक एकदम बसवतेस, म्हणून सगळा वेळ आवरण्यात जातो आणि तुझा आवाज लागतो. सात-सातचे दोन गट कर, प्रत्येकी सव्वा तास. एका मुलाला कायम एकच स्वयंसेवक देऊ नकोस, दोघं आलटून-पालटून दे. नाहीतर मूल कौशल्य शिकत नाही, माणूस शिकतं. मुलागणिक एक दोनशेपानी वही, आणि तिच्यात निबंध नाहीत. 'शांत होता, छान बसला' यातून पुढच्या रविवारी येणाऱ्याला काय कळणार? पायरीसमोर एक अक्षर : स्व म्हणजे स्वतः, खू म्हणजे खूण, तों म्हणजे तोंडी, दा म्हणजे दाखवून, ह म्हणजे हात धरून. अर्ध्या मिनिटात भरता येतं आणि नवा स्वयंसेवक आला तरी तिथून पुढे सुरू करतो. शेवटची पंधरा मिनिटं आया चालवतील, तुम्ही भिंतीला टेकून उभे. पहिले तीन रविवार गोंधळ होईल. होऊ दे.

कागदपत्रांत तर तू कहरच केलायस. सगळ्या घरांचे यूडीआयडीचे, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे, अर्ज तूच तुझ्या फोनवरून भरलेस, निरामय या आरोग्य विम्याचेही. तुला वाटतं उपकार झाला. निरामय विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण नूतनीकरण दर वर्षी लागतं. तू बी.एड.ला गेलीस, नंबर बदलला, की संदेश कुठे येणार? तुझ्या जुन्या फोनवर! मूल दवाखान्यात आणि विमा संपलेला, हे असंच घडतं. आईच्या शेजारी बस, फोन तिच्या हातात, बोट तिचं. दोन तास लागतील. मग दुसऱ्या आईचा अर्ज या आईनं भरायचा, तू गप्प. ज्या मुलांना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता आहे, त्यांच्या आयांना अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाचंही आत्ताच सांगून ठेव. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. सतराव्या वर्षी धावपळ करणारी घरं फार.

मला लोक कोरडी म्हणतात. मूल रडवेलं झालं तरी ही बाई हातावर हात ठेवून बसते, असं आया एकमेकींना सांगतात, आणि ते माझ्या कानावर येतं. बसते, कारण मी काही मुलांचे हात गरजेपेक्षा फार वर्षं धरून ठेवले, ते पुढे सोडवेनात, आणि त्याची किंमत मी भरली नाही, त्यांनी भरली. तपशील सांगत बसत नाही. तुझ्या पिढीनं तरी माया आणि मदत एकच समजू नये. कवटाळायचं तर कवटाळ ना, सुट्टीत; बटण लावताना नको.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच घे. शुल्क भरण्याआधी परिषदेच्या यादीत कॉलेज आणि विषय दोन्ही बघ, कारण मान्यता विषयागणिक असते. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, तुला त्यातलं एक क्षेत्र निवडायचंय. 'मला सगळीच मुलं आवडतात' हे उत्तर नव्हे. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था श्रवण-वाचेच्या क्षेत्रातली आहे; शिवडीची जय वकील शाळा १९४४पासून बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी काम करते. परवानगी मागून अशा ठिकाणी मागच्या बाकावर बस आणि शिक्षिका कधी बोलत नाही ते बघ. बोलते कधी हे कुणालाही दिसतं.

तुझा गोवंडी ते मानखुर्द लोकलचा बेत मला आवडला. पण थेट मुलांना नेऊ नकोस. दिव्यांग डब्याच्या जागी फलाटावर बीप-बीप वाजत असतं, तुझ्या दोघा-तिघांना ते सहन होणार नाही. आधी तो आवाज फोनवर टिपून वर्गात हलका, मग थोडा मोठा ऐकव. मग फलाटावर नुसतं दहा मिनिटं बसून परत. मग एक स्टेशन, रविवारी दुपारी, एका मुलामागे एक मोठं माणूस. तिकिटाचे पैसे मूल देईल. रांगेतली माणसं मागून ओरडतील, तरी तू पुढे होऊ नकोस.

येत्या रविवारी वर्गाला जाऊ नकोस. आजारी असल्याचं खोटं सांगू नकोस, 'मी येणार नाही' एवढंच कळव. किल्ली आणि वह्या शनिवारी त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईकडे दे. दिवसभरात फोन करायचा नाही. सोमवारी वह्या उघड आणि कुठली पानं भरली, कुठली कोरी राहिली ते मला लिहून पाठव. निवेदनाचा मसुदा मी त्यानंतर वाचेन.

तुझी,
ताई