‘द्या इकडे, मी करून देते’

‘मुलांसमोर अडलं तर?’ वर्गात तंत्रज्ञान वापरायचा विषय निघाला की प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याच्या मागचं वाक्यही मला आता आधीच ऐकू येतं: ‘त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं हो.’ त्यामागून वय येतं, आणि शेवटी ‘आपला खडू-फळाच बरा’.

ज्या बाईंबद्दल लिहितेय त्या मात्र यातलं काहीच बोलल्या नव्हत्या. झोप लागत नाही म्हणून त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. त्यांच्या संमतीने हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नाव न देता वर्गातली मुलं म्हणतात तसं ‘बाई’च म्हणणार आहे.

बाई तिसरीला शिकवतात. शाळेत शिकवून वीसेक वर्षं झालेली. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी त्यांना पहाटेच जाग यायची, पोटात गोळा यायचा आणि शाळेत जाऊ नये असं वाटायचं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, शरीरात दोष निघाला नव्हता. मी त्यांना ते दिवस वेळापत्रकाशेजारी ठेवून बघायला सांगितलं. प्रत्येक वेळी तो स्मार्ट बोर्डाच्या तासाचा दिवस निघाला.

मग हळूहळू प्रसंग बाहेर आला. वर्गात बोर्ड बसला, एका दुपारी घाईघाईत प्रशिक्षण झालं, त्यात ढीगभर ॲप्स दाखवली गेली. पहिल्याच तासाला व्हिडिओ सुरू झाला, पण आवाज येईना. बाई चुकीच्या ठिकाणी दाबत राहिल्या. एक मुलगा ओरडला, ‘बाई, तिथे नाही, वर कोपऱ्यात!’ वर्ग हसला. तेवढ्यात शेजारच्या वर्गावरच्या तरुण शिक्षिका आल्या, म्हणाल्या, ‘द्या इकडे, मी करून देते,’ आणि क्षणात आवाज सुरू झाला. त्या दिवसापासून बाईंनी वाटा शोधल्या. तास बदलून घ्यायचा. नेट नाही म्हणायचं. नाहीतर त्या शिक्षिकेला आधीच बोलावून सगळं लावून घ्यायचं. मुदतीआधी निवृत्ती घ्यावी हा विचारही तेव्हापासूनचा.

अशा वेळी सगळे एकच निदान करतात: यांना तंत्रज्ञानाची भीती वाटते. त्यावरचा उपायही ठरलेला, आणखी एक प्रशिक्षण. मला ते पटलं नाही, कारण याच बाई फोनवरून पैसे पाठवतात, व्हिडिओ बघून विणकामाचे नवे टाके शिकतात, परगावच्या मुलीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षी जगभरात दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले होते, आणि बाईंनी त्या काळात फोनवरून वर्ग घेतले होते. तेव्हा भीती वाटली नाही का, असं मी विचारलं. ‘तेव्हा सगळेच चुकत होते ना,’ त्या म्हणाल्या.

बटणांशी बाईंचं काही वैर नव्हतं हे इथे स्पष्ट झालं. अडत होतं ते चुकताना कुणी बघण्यापाशी. त्यांना नवं शिकायला लावलं होतं ते थेट प्रेक्षकांसमोर, आणि प्रेक्षकही असे, की ज्यांच्यासमोर आपल्याला सगळं येतं या विश्वासावर त्यांची सगळी नोकरी उभी होती.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाबद्दल जी मांडणी केली, ती मी अशा वेळी डोक्यात ठेवते. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं तो सांगतो. स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, कुणी विश्वासाने म्हटलेलं ‘जमेल तुला’, आणि त्या वेळची आपल्या शरीराची अवस्था. यात सगळ्यांत ताकदीचं पहिलं. बाईंच्या बाबतीत नेमकं तेच कुणी होऊ देत नव्हतं. दर वेळी कुणीतरी प्रेमाने माउस काढून घेत होतं. काम व्हायचं, पण ते बाईंच्या हातून व्हायचं नाही. म्हणजे मदत जितकी तत्पर, तितकी ‘मला येत नाही’ ही समजूत पक्की.

‘सोपं आहे हो, काही नाही त्यात’ हे वाक्यही असंच. बोलणाऱ्याच्या मनात धीर द्यायचा असतो. ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येतं ते असं: सोपं आहे, तरी मला जमत नाही. त्यापेक्षा ‘पहिल्यांदा मीही या ठिकाणी अडले होते’ हे वाक्य दसपट उपयोगी पडतं. डोनाल्ड माइकेनबॉम यांनी 1971 मध्ये सापांची भीती असलेल्या लोकांवर एक प्रयोग केला होता. अगदी निर्भयपणे साप हाताळणाऱ्याला पाहण्यापेक्षा, आधी घाबरणाऱ्या आणि हळूहळू भीतीवर मात करणाऱ्या माणसाला पाहून लोकांची भीती जास्त कमी झाली. शाळांमध्ये मात्र शिकवायला नेहमी सगळ्यांत तरबेज माणूस निवडतात. त्याची बोटं इतकी भराभर चालतात की समोरच्याचा उरलासुरला धीरही जातो.

बाईंच्या पळवाटांबद्दल मी त्यांना दोष दिला नाही. फक्त त्यांचा हिशेब मांडायला लावला. तास टळला की पोटातला गोळा जायचा. ती सुटका खरी होती, आणि तीच मनाला शिकवत होती की टाळलं म्हणूनच वाचलो. पुढच्या आठवड्यातली भीती त्यामुळे एक पायरी वरून सुरू व्हायची.

लोकांचं आपल्याकडे वाटतं तितकं लक्ष नसतं, हे दाखवायला मी त्यांना एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच आला होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ते कॉलेजातले अनोळखी लोक. माझी पोरं माझ्याकडेच बघत असतात. मी कानातलं बदललं तरी त्यांना कळतं.’ त्यांचा आक्षेप रास्त होता. तिसरीतली मुलं खरंच सगळं बघतात. मग प्रश्न असा उरला, की बघून ती काय लक्षात ठेवतात? हे बाईंनी मुलांनाच विचारायचं ठरलं. आडून नाही, सरळ: त्या व्हिडिओच्या तासातलं काय आठवतं?

उत्तरं त्या वहीत लिहून घेऊन आल्या. बहुतेकांना व्हिडिओतला प्राणी आठवत होता. एकीला आठवत होतं की त्या दिवशी सुट्टी उशिरा झाली. आणि ‘कोपऱ्यात!’ म्हणून ओरडणारा मुलगा म्हणाला, ‘मी तुम्हाला मदत केली होती.’ बाई इतके महिने ज्याला आपली फजिती करणारा समजत होत्या, त्याच्या लेखी तो त्याच्या अभिमानाचा दिवस होता. याने भीती गेली असं नाही. पण हसणाऱ्या वर्गाचं त्यांच्या डोक्यातलं चित्र जरा हललं.

त्यानंतरचं काम बरंचसं साधं आणि चिकाटीचं होतं. प्रशिक्षणात दाखवलेली सगळी ॲप्स आम्ही बाजूला ठेवली आणि प्रश्न उलटा केला: मुलं कुठे अडतात? उत्तर देताना बाई पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या. अपूर्णांक! तीनपेक्षा चार मोठे, म्हणून एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा, ही समजूत मुलांच्या डोक्यातून जाता जात नाही. फळ्यावर दोन सारखी वर्तुळं हाताने नीट काढता येत नाहीत, हे त्यांचं जुनं दुखणं. याच्यासाठी पडद्यावर हाताळून बघायच्या प्रतिकृतींचा ‘फेट’ (PhET) नावाचा विनामूल्य संच आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केला. त्यात अपूर्णांकांचं एक साधन आहे. तुकडे बोटाने उचलून आकृतीत ठेवायचे, छेद बदलला की तुकड्यांचा आकार डोळ्यांदेखत बदलतो. शिवाय ते आधी उतरवून ठेवलं की नेटशिवाय चालतं, त्यामुळे निम्मी धास्ती तिथेच संपते.

एकच साधन, एकच धडा. बाकी कशालाही हात लावायचा नाही, अशी अट मी घातली. माणसाच्या मनाला एका वेळी थोडंच नवं पेलतं. नवं साधन, वर्गाची शिस्त आणि विषयाची मांडणी हे तिन्ही एकदम आलं की आधी शिकवणंच कोलमडतं.

सराव शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, त्याच बोर्डावर. घरच्या फोनवर नाही, कारण घाबरवणारी जागा ती नव्हती. पायऱ्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहून टेबलावर ठेवल्या. दुसऱ्याने दिलेली छापील माहितीपुस्तिका त्यांनी कधीच उघडली नव्हती, हा कागद मात्र वापरून चुरगळला. पुढच्या टप्प्यात एक साक्षीदार आणायचा होता. तरुण शिक्षिका नाही, तर मागच्याच वर्षी धडपडत बोर्ड शिकलेल्या पन्नाशीच्या एका सहकारी बाई. त्यांना एकच नियम सांगितला: हात पाठीमागे. तोंडाने काय हवं ते सांगा, बोट लावायचं नाही. बाई सांगत होत्या, त्या सहकारी बाईंना हा नियम पाळताना घाम फुटला. कुणी अडलेलं शांतपणे बघत उभं राहणं मदत करण्यापेक्षा पुष्कळ अवघड असतं.

मग सगळ्यांत महत्त्वाची तालीम झाली, ती बिघडण्याची. बाईंनी मुद्दाम मधेच बोर्ड बंद करायचा आणि फळ्याकडे वळायचं. अडल्यावर काय बोलायचं ते वाक्यही आधीच ठरवलं: ‘हे आता चालत नाहीये. मी बघते, तोवर तुम्ही हीच आकृती वहीत काढा.’ खुलासा नाही, माफी नाही. वर्गात प्रत्यक्ष तास घेतला तेव्हा बोर्ड एकदा खरंच अडकला, बाईंनी वाक्य म्हटलं, मुलांनी वह्या काढल्या. ‘इतकंच?’ असं वाटलं म्हणे त्यांना.

मुलांना जास्त येतं, या काळजीचं काय? बोटं चालवणं त्यांना येतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण समोर दिसतंय ते खरं की खोटं, आता पुढे काय बघायचं आणि कधी थांबायचं, हे आठ वर्षांच्या मुलाला येत नाही. तिथे बाईच लागतात. बाईंनी मग बोर्ड लावायला मदतनीसाची पाळी सुरू केली. तीही हुशार मुलाला कायमची देऊन टाकली नाही. मागे गप्प बसणाऱ्या मुलींची पाळी आधी लावली. ही कल्पना त्यांची, माझी नव्हे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. बाईंचे सगळे आक्षेप भीतीतून आलेले नव्हते, आणि शाळेत मात्र सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं जात होतं. जलद उत्तर देणाऱ्याला जास्त गुण देणारे प्रश्नमंजुषेचे खेळ त्यांना नको होते, कारण सावकाश विचार करणारी मुलं त्यात रोज शेवटची दिसतात. मुलांच्या नावाने खाती उघडायला त्या तयार नव्हत्या. दोन्ही मुद्दे शिक्षकाच्या जाणतेपणाचे आहेत. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन सेवांनी पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये, असा कायदा अमेरिकेने 1998 सालीच केला. अनेक सेवा तेव्हापासून तेरा वर्षांची अट घालतात. प्राथमिकच्या वर्गात शिक्षकाच्या एकाच खात्यावर काम भागत असेल तर तसंच भागवावं, हे त्यांचं म्हणणं त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत मांडलं आणि ते मान्य झालं. मला विचाराल तर बाईंचा कणा अपूर्णांकांच्या तासाने सरळ झाला त्याहून जास्त या बैठकीने झाला. जो माणूस ‘हे नको’ असं कारणासकट म्हणू शकतो, त्याला ‘हे मला शिकवा’ म्हणायला लाज वाटत नाही.

तरुण शिक्षिकेशीही बाई बोलल्या. तिचा हेतू चांगलाच होता, त्यामुळे बोलणं अवघड होतं. ‘तू सांग, पण हात माझा राहू दे,’ एवढंच म्हणाल्या. ती आधी गोंधळली, मग म्हणाली की तिच्या आईलाही ती घरी असंच करते.

आता पहाटेची जाग बरीच कमी झाली आहे. शाळेच्या तपासणीच्या आदल्या रात्री झोप अजून उडते, आणि ती बहुतेक शिक्षकांची उडते, म्हणून मी त्याच्यामागे लागले नाही. तुमची झोप किंवा भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल, शाळेच्या दारात धडधड होऊन पाऊल पुढे पडत नसेल, तर मात्र फक्त सरावावर विसंबू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. निवृत्तीचा अर्ज बाईंनी दिलेला नाही. विचार सोडला का, असं मी विचारलं नाही, तो त्यांचा प्रश्न आहे.

पालक पडद्यावरून बघत असतात तो ऑनलाइन तास त्या अजून टाळतात. सध्या आम्ही त्यावर आहोत. पहिला तास एकाच, ओळखीच्या पालकांसमोर आणि दहाच मिनिटांचा घ्यायचा ठरलं आहे, आणि ते पालक कोण हे बाईंनीच निवडलं आहे.