कॅम्पर व्हॅनमध्ये टीव्ही, वायफाय आणि गॅसचा अलार्म रात्रभर चालू ठेवले तर बॅटरी उतरेल का?

टीव्ही-वायफायने एका रात्रीत नाही उतरणार. मागची (इंजिनची नाही, आतल्या उपकरणांसाठीची) बॅटरी १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) असेल तर १२०० वॉट-तास होतात, पण लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची. २४ इंची टीव्ही साधारण ३० वॉट घेतो आणि राउटर १० च्या आसपास, म्हणजे आठ तासांत ३२० वॉट-तास. वर इन्व्हर्टरही (बॅटरीच्या करंटवर घरातली उपकरणं चालवणारा डबा) खातो, तो नुसता चालू ठेवला तरी करंट ओढत बसतो, म्हणून शक्यतो १२ व्होल्टवर चालणाराच टीव्ही घ्या आणि झोपताना इन्व्हर्टर बंद.

नेटचं म्हणाल तर गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, राउटरचा अँटेना टपावर लावा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. ताम्हिणीसारख्या घाटात तरीही बोंबच, पिक्चर आधीच डाउनलोड करून ठेवा.

अलार्म मात्र बंद करायचाच नाही, तो जेमतेम एक-दोन वॉट खातो. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून त्याचा सेन्सर जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी गॅसचा वेगळा लागतो, कारण त्याला वासच नसतो; तो सेन्सर आपण झोपतो तिथे उशीच्या उंचीला लावा. आणि डास येतात म्हणून व्हेंट (हवा खेळायची भोकं) बुजवू नका प्लीज, जाळी लावा!