बॅटरी बदलण्याआधी मीटर लावून बघ
अरे, गाडीची बॅटरी उतरते म्हणून लगेच नवी घेऊ नकोस. गाडी रात्रभर बंद ठेव आणि सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलना मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) लाव. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा. मग इंजिन चालू करून पुन्हा बघ. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा वाढलाच नाही तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), त्याचा पट्टा, वायरिंग तपास. त्याआधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी मात्र घासून काढ, निम्मे घोळ तिथेच असतात.

चार्जिंग ठीक असूनही रात्रीत उतरते? सगळं बंद करून निगेटिव्ह वायर काढ, मीटर अँपिअरवर ठेवून ती वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोड. अर्धा तास थांब. ५० मिलिअँपिअरच्या बऱ्याच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल, करंट खाणारा चोर त्याच सर्किटमध्ये. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नकोस, जळेल.