फिजिओथेरपीत पीएचडी झाली, आता अमेरिकेत रिहॅब रिसर्चमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरची लॅबमधली संशोधनाची नोकरी) करावं की सरळ क्लिनिक टाकावं?

पैशासाठी विचारत असाल तर क्लिनिक टाका, विषय संपला.

माझं सांगते. एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या, थिसिसला माझे ३० स्ट्रोकचे पेशंट होते. ट्रीटमेंट मीच दिली, आधीचं असेसमेंट मीच केलं, नंतरचंही मीच. पी व्हॅल्यू मस्त आली, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नव्हता, गाइड खूश, व्हायवात कुणी ब्र काढला नाही. पोस्टडॉकला गेले तर पहिलं वर्षभर काम काय, नुसतं मोजायचं. मी ब्लाइंडेड असेसर, म्हणजे कुठल्या पेशंटला कुठली थेरपी चाललीय हे मला कळताच कामा नये. एआरएटी ही हाताच्या हालचालींची टेस्ट घ्यायची, लाकडी ठोकळे उचलून वरच्या फळीवर ठेवायचे वगैरे, एकूण ५७ मार्क. एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर आजोबा होते, १० सेंटिमीटरचा मोठा ठोकळा धरायला त्यांची बोटं काही उघडेनात, मी मनातल्या मनात उघड, उघड करतेय आणि ते वर बघून म्हणतात, रोबोटवर तर जमत होतं! झालं, कुठली थेरपी ते मला कळलं. पेन खाली ठेवला, फॉर्मवर तसं लिहिलं, पुढचं असेसमेंट दुसरीकडे गेलं. आणि तेव्हा मला माझे ते ३० पेशंट आठवले, त्यांच्या वेळीही मी मनात उघड उघड करतच होते की, आणि मार्कही मीच देत होते.

आमच्या ट्रायलमध्ये दोन गटांत फरक काही आला नाही. परत आल्यावर सर म्हणाले, दोन वर्षं घालवून हाती काहीच नाही? अहो, फरक नाही हेच हाती आलं ना! अव्हर्ट ट्रायल बघा, २१०४ पेशंट, स्ट्रोकनंतर २४ तासांतच जास्त वेळा उठवायचं, फायदा होणार असंच वाटत होतं, २०१५ ला निकाल उलटा आला. आपल्याकडची अटेंड, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, घरच्यांना शिकवून घरीच रिहॅब, सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. २०१७ ला लॅन्सेटने छापली. हेही फुकट गेलं का सर?

तर इंटरव्ह्यूत एवढं विचारा की रँडमायझेशन, म्हणजे कुठला पेशंट कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं, कोण करतं आणि स्टॅटिस्टिशियन प्रत्यक्ष भेटतो की नुसता ईमेलवर असतो. रोबोट घेतलाय म्हणून ट्रायल काढलेल्या लॅबमध्ये जाऊ नका. टी३२ (अमेरिकी सरकारच्या एनआयएचची ट्रेनिंग ग्रँट) च्या जागेला सिटिझनशिप नाहीतर ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे पीआयच्या, म्हणजे लॅबच्या प्रमुखाच्या, ग्रँटवरची जागा बघा, के९९ ही एनआयएचची पोस्टडॉकसाठीची ग्रँट मात्र आपल्यालाही भरता येते. अर्थात हा एकाच लॅबचा अनुभव, आणि क्लिनिकवाल्यांना मी कमी लेखत नाहीये, माझा नवरा तेच करतो.

आणि हो, माझा थिसिस कुठल्या लायब्ररीत सापडला तर कृपया रेफरन्सला घेऊ नका.