एडिनबर्गच्या शार्लट स्क्वेअरमधली घरं वेगवेगळ्या मालकांची असूनही एकच राजवाडा असल्यासारखी का दिसतात?

कारण त्यांचा दर्शनी भाग एकाच माणसाने रेखाटला. 1791 मध्ये शहराने वास्तुकार रॉबर्ट ॲडमकडून चौकाचा आराखडा करून घेतला. पुढच्याच वर्षी तो वारला, पण प्लॉट घेणाऱ्यांना बाहेरची भिंत त्याच्या नकाशाप्रमाणेच बांधावी लागली. आत मात्र ज्याची त्याची मर्जी.

उत्तरेची बाजू नीट बघा, माझ्या मते सगळ्यात सुंदर तीच. मधोमध कोरिंथियन खांब, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, आणि त्यांवर त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकांची घरं किंचित पुढे आलेली. त्यामुळे नजर सलग फिरते, एक घर कुठे संपलं ते पटकन कळतच नाही. तळमजल्याच्या दगडांत मुद्दाम खोल खाचा ठेवल्यात, म्हणून तो भक्कम वाटतो. वरचे दगड गुळगुळीत. दारावर पंख्याच्या आकाराची अर्धगोल काचेची खिडकी, तिच्यातून आतल्या अंधाऱ्या वाटेवर उजेड पडतो. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघर तळघरात.

7 नंबरचं घर आतून पाहता येतं. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने ते जॉर्जियन काळासारखं, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकासारखं, मांडून ठेवलंय. शेजारचं 6 नंबर, म्हणजे ब्यूट हाऊस, स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरचं, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाचं, अधिकृत निवासस्थान आहे.