पडद्यावरचा डाग: पुसावा की राहू द्यावा?

प्रश्न: आमच्या एकपडदा चित्रपटगृहात गर्दीच्या शोला कुणीतरी कोल्ड्रिंकचा ग्लास पडद्यावर भिरकावला. उजवीकडे खाली हातभर तपकिरी ओघळ आहेत. कशाने पुसावेत?
– एक चित्रपटगृहचालक, बार्शी

उत्तर: आधी पडद्याची जात ओळखा. हॉलमधले दिवे घालवा, मदतनिसाला समोरून टॉर्च मारायला सांगा आणि तुम्ही बाजूबाजूला सरकत बघा. कुठूनही सारखाच पांढरा दिसला तर तो मॅट व्हाइट. मोत्यासारखी झाक मारत असेल तर पर्ल. समोरून लखलखीत आणि बाजूने राखाडी दिसला तर सिल्व्हर, म्हणजे पोलराइज्ड चष्म्याच्या 3डीसाठी बसवलेला.

सिल्व्हर असेल तर ओलं फडकं खाली ठेवा. त्याच्या पीव्हीसीवर ॲल्युमिनियमच्या बारीक कणांचा थर फवारलेला असतो आणि तो बोटानेही निघतो. घासलं की कण एक तर झडतात, नाही तर दबून चकाकतात. थर गेलेल्या जागी प्रकाशाचं पोलरायझेशन (दोन डोळ्यांची चित्रं वेगळी ठेवणारी प्रकाशाची ठेवण) टिकत नाही आणि 3डी चित्र तिथे दुहेरी दिसतं. ओघळ पुष्कळदा दिवे लागल्यावरच जाणवतात, पण घासल्याचा चट्टा प्रत्येक शोला दिसतो. रुंद, मऊ केसांच्या ब्रशने हलकेच धूळ झटका. चिकट डागासाठी पडद्याच्या उत्पादकालाच विचारा. तोवर मधल्या रांगांत बसून पूर्ण पांढरी फ्रेम पाडून बघा. डाग जाणवत नसेल तर राहू द्या. पर्लवरही लेप असतो, त्यामुळे मास्किंगच्या (पडद्याची कड झाकणाऱ्या) काळ्या कापडाखाली झाकलेल्या पट्टीवर नुसत्या पाण्याचा बोळा टेकवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॅट व्हाइट असेल तर काम होण्यासारखं आहे. पांढरा रंग पीव्हीसीतच मिसळलेला असतो, त्यामुळे तो थोडं पाणी सोसतो. पाणी बोअरचं नको, वाळल्यावर क्षारांचे डाग पडतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या (ॲसिडचा कॅन नव्हे, लेबल वाचा!). एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा बिनरंगाचं, सौम्य भांडी धुण्याचं लिक्विड पुरे.

पांढरं, जुनं, धुतलेलं सुती कापड त्यात बुडवून घट्ट पिळा. थेंब गळता कामा नये, कारण आवाज यावा म्हणून पडद्याला पाडलेल्या बारीक भोकांतून पाणी मागे उतरतं आणि मागे स्पीकर असतात. ॲम्प्लिफायर बंद ठेवा आणि स्पीकरवर प्लास्टिक टाका. पडदा चौकटीला स्प्रिंगांनी ताणलेला असतो, पुढून दाबला की तो खोलगट होतो. म्हणून मागून एका माणसाने कापडात गुंडाळलेली थर्माकोलची पाटी अलगद टेकवून धरावी.

कापड डागावर अर्धा मिनिट नुसतं टेकवा. साखर विरघळली की टिपा आणि लगेच घडीची नवी बाजू घ्या. गोल फिरवू नका. ओघळाच्या खालच्या टोकापासून वर जा, नाही तर वरचं मळकट पाणी खालच्या कोरड्या भागावर उतरून नवे ओघळ पडतात. मग नुसत्या पाण्याने दोनदा टिपा. साबण राहिला तर आठवड्यात त्यावर धूळ धरते. शेवटी कोरड्या कापडाने टिपा.

एक अडचण मात्र राहते. वर्षानुवर्षांच्या धुळीने पडदा मळलेला असतो आणि धुतलेली जागा त्यात पांढरी उठून दिसते. म्हणून डागाच्या कडेबाहेर वीतभर, हात हलका करत करत टिपत जा. थिनर, ॲसिटोन, काच पुसायचा स्प्रे आणि स्वयंपाकघरातला ‘जादूई’ पांढरा स्पंज यांतलं काहीही वापरू नका. तो स्पंज म्हणजे अतिबारीक सँडपेपरच. आणि पहिल्या शोचा नारळ दारातल्या पायरीवर फोडा, पडद्याखाली नको.

प्रश्न: आमच्या पडद्यावर प्रत्येक भोकाभोवती काळसर कडं दिसू लागलंय. लांबून मागच्या स्पीकरचा आकारही उमटल्यासारखा वाटतो.
– व्यवस्थापक, नांदेड

उत्तर: यात डागापेक्षा हवेचा दोष मोठा आहे. एसीमुळे पडद्याच्या दोन बाजूंचा दाब वेगळा झाला की हवा भोकांतून वाहते आणि भोकांच्या कडांवर धूळ सोडते. स्पीकर आणि चौकटीच्या आड हवा अडते, तिथे धूळ कमी बसते, म्हणून आकार उमटतो. पातळ टिश्यू पेपरची पट्टी पडद्यापासून बोटभर अंतरावर धरा. ती पडद्याकडे ओढली गेली किंवा बाहेर ढकलली गेली तर एसीवाल्याला बोलवा आणि दाब जुळवून घ्या. ते केल्याशिवाय सफाई करणं फुकट आहे. नंतर व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावा आणि तो पडद्याला न टेकवता, कमी ओढीवर, आधी मागून फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती तेल आणि पाणी घेऊन येते. भोकांभोवती चिकटून बसलेला मळ बहुधा पूर्ण निघत नाही. पडदा बदलायचा का, हे मोजून ठरवा: 2डीसाठी मध्यभागी 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. आधी प्रोजेक्टरचा दिवा आणि पोर्टची (प्रोजेक्टरच्या खोलीच्या झरोक्याची) काच बघा, पुष्कळदा दोष तिथेच असतो.

प्रश्न: घरच्या गुंडाळी पडद्यावर पावसाळ्यात गुलाबी ठिपके आलेत.
– वाचक, चिपळूण

उत्तर: पीव्हीसीवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. तो प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्यात विरघळून आत मुरतो, म्हणून वरून धुऊन जात नाही. ब्लीचने पडदा खराब होईल, डाग जाईलच असं नाही. पुढे पसरू नये म्हणून पावसाळ्यात पडदा गुंडाळून डब्यात कोंडू नका. आठवड्यातून दोनदा उघडून पंख्याखाली ठेवा. काळी बुरशी असेल तर ती मात्र वर सांगितलेल्या साबणपाण्याने टिपता येते.

प्रश्न: शाळेत स्लाइड प्रोजेक्टरच्या काळातला, स्टँडवर उभा राहणारा चमचमता पडदा आहे. धुता येईल का?
– शिक्षिका, सातारा

उत्तर: नाही. चमचम करतात ते काचेचे बारीक मणी, आणि ते डिंकासारख्या थराने चिकटवलेले असतात. पाण्याने किंवा घासण्याने ते गळतात आणि तिथे कायमचा अंधुक चट्टा पडतो. पडदा उभा धरून कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली एकदाच झटका.