दार वाजव आणि विचार

प्रिय मुली,

तुझा मेल तीनदा वाचला. रविवारी दुपारी तू रिकाम्या बाटल्या काचकचऱ्याच्या डब्यात टाकल्यास, खिडकीतून एक बाई ओरडली आणि सोमवारी सकाळी तुझ्या दारावर चिठ्ठी. सही नाही, शेवटी दोन उद्गारचिन्हं. आणि तू मला विचारतेस, "काका, ह्यांना आपण नकोच आहोत का?"

मला काय ठाऊक? तिला विचार. दार वाजव आणि विचार.

'हळूहळू सवय होईल' हे मी लिहिणार नाही, ते तुला घरचे रोज फोनवर ऐकवत असतील. रविवारची शांतता मात्र त्या बाईची लहर नव्हे. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून राखला आणि १९४९ च्या जर्मन घटनेने कलम १४० मधून ती तरतूद तशीच पुढे चालू ठेवली. दुकानं बंद, ड्रिल बंद, काच फोडणं बंद. हे इथे जन्मलेल्याला सांगावं लागत नाही, म्हणून तुलाही कुणी सांगितलं नाही. बिनसहीची चिठ्ठी हा भेकडपणा, तेही खरंच.

पण तुझा प्रश्न बाटल्यांचा नाही, एवढं मला कळतं. म्हणून माझं सांगतो.

मी जर्मनीत आलो त्या वर्षी दिवाळीत दाराच्या चौकटीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. समोरच्या आजी, ऐंशीच्या घरातल्या, रोज जिन्यात 'गुटन मॉर्गन' म्हणणाऱ्या, ते पाहून थबकल्या. चेहरा पांढराफटक. काही न बोलता आत गेल्या. संध्याकाळी घरमालकाचा फोन आला: पुसून टाका. मी भांडलो. फौजदारी संहितेचं कलम ८६अ शोधून वाचलं. नाझी चिन्हं मिरवली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते वाचून घाबरायचं सोडून मला हुरूपच चढला, कारण वाद घालायला मुद्दे मिळाले. त्यांचं ते 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकड्यांचा क्रूस, शब्दसुद्धा वेगळा. नाझी पक्षाने ते १९२० मध्ये उचललं, आपलं हजारो वर्षांचं. सगळं बरोबर होतं, आणि आजही कुणी छेडलं तर हेच ऐकवीन. पुढच्या वर्षी पुन्हा काढलं. जरा मोठंच.

आजींना मात्र काही विचारलं नाही. जिन्यातलं 'गुटन मॉर्गन' थांबलं.

तिसऱ्या वर्षी ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कामावरून परतलो, तर आजी इमारतीच्या दाराबाहेर गुडघे टेकून बसलेल्या, हातात फडकं. फुटपाथमधले चार पितळी चौकोन घासत होत्या. इतके दिवस मला ती पाण्याच्या मीटरची झाकणं वाटायची! ते होते 'श्टोल्परश्टाइन', नाझींच्या बळींच्या आठवणीचे दगड. गुंटर डेम्निग हा कलाकार १९९० च्या दशकापासून ते बसवत आलाय. जेमतेम दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर नाव, जन्माचं वर्ष, कधी नेलं, कुठे मारलं. वरची ओळ 'हिअर व्होन्टे', इथे राहत होते. इथे म्हणजे आमच्याच इमारतीत. १९३८ साली त्याच रात्री नाझींनी देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पेटवली होती, म्हणून त्या तारखेला लोक ही नावं घासूनपुसून लख्ख करतात. आणि वर माझ्या चौकटीवर ताजं कुंकू.

मी 'गुटन आबेंट' म्हणालो आणि जिना चढलो. त्यांचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर. उद्या वाजवू, म्हटलं. फेब्रुवारीत त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि दारावरची पाटी बदलली. त्या चौघांशी त्यांचं काय नातं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही.

स्वस्तिक पुसायला हवं होतं का? मुळीच नाही. तू लगेच तसा अर्थ काढशील, म्हणून स्पष्ट लिहितो. हल्ली ते दाराच्या आतल्या बाजूला असतं. मी ह्याला जागा बदलणं म्हणतो, तुझी काकू नमणं म्हणते.

तू अर्धं पान भरून विचारलंयस, हा वंशद्वेष आहे की काय. असेलही. ट्रॅममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असून उभी राहणारी माणसं मीही पाहिलीत. पण असेल तर तेही तिच्याच तोंडून, तिच्या दारात कळू दे. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकून तू सगळ्यांची मतं गोळा केलीस, फक्त जिने लिहिली तिचं तेवढं राहिलं. ह्याचा मला खरंच राग आला, बाळ. मीही वकिलासारखी कलमं वाचत बसलो होतो, म्हणून जास्तच.

तेव्हा आजच जा, संध्याकाळी सहाच्या सुमारास. 'डू' म्हणजे 'तू' नको, 'झी' म्हणजे 'आपण' म्हण. वाक्य पाठ कर: 'एंटशुल्डिगुंग, इश हाबे आइने फ्रागे.' माफ करा, एक विचारायचंय. चिठ्ठी बरोबर ने. दार उघडायला वेळ लागला तर परत फिरू नकोस, चष्मा शोधत असेल. पुन्हा एकदा वाजव.

तुझा,
काका